नळाच्या लाइनचा नकाशा क्यूजीआयएसवर: मराठवाड्यातल्या नगरपरिषदांचे नेहमीचे प्रश्न

मराठवाड्यातल्या लहान-मध्यम शहरांच्या पाणीपुरवठा विभागांबरोबर क्यूजीआयएसवर, म्हणजे संगणकावर नकाशे करायच्या सॉफ्टवेअरवर, काम करताना हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले. काही बैठकीत, काही फोनवर आणि बरेचसे उघड्या चेंबरच्या कडेला उभं राहून. उत्तरं त्याच भाषेत दिली आहेत.

धरणातच पाणी नाही. नकाशा काढून काय करू?

हा प्रश्न बहुतेक वेळा रागाने येतो, आणि राग रास्त आहे. लातूरला मांजरा आटलं, संभाजीनगर आणि जालन्याला जायकवाडीकडे डोळे लावून बसावं लागलं किंवा नांदेडला विष्णुपुरी खाली गेलं, तर संगणकातून पाणी निघत नाही.

पण एक हिशेब करून बघा. ६०,००० वस्तीच्या शहराला माणशी १३५ लिटर धरले, तर रोजचे ८१ लाख लिटर होतात. गळती आणि बेहिशेबी पाणी २० टक्क्यांच्या आत असावं, असा केंद्राचा निकष आहे. म्हणजे निकष तंतोतंत पाळणाऱ्या शहरातही १६ लाख लिटर हिशेबाबाहेर जातात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला जलदूत ही पाण्याची रेल्वेगाडी आली, तेव्हा पहिल्या फेरीत १० वाघिणींतून साधारण ५ लाख लिटर पाणी आलं होतं. तशा तीन गाड्या रोज जमिनीत, गटारात किंवा कागदावर नसलेल्या नळांत जातात, आणि हे आदर्श शहराचं झालं. तुमच्या शहरात किती जातं, ते तुमच्याकडे नकाशा आणि मीटर असल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. मीही नाही.

सॉफ्टवेअर खरंच फुकट आहे का? पुढे बिल येणार नाही ना?

येणार नाही. क्यूजीआयएसचं काम २००२ मध्ये सुरू झालं आणि जगभरचे लोक ते मिळून वाढवतात. कितीही संगणकांवर टाका, परवाना विकत घ्यावा लागत नाही. दाबाचं गणित करणारं ईपानेट हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये आणलं, तेही मोफत आहे. माहिती एका जागी ठेवायला पोस्टग्रेस आणि पोस्टजीआयएस, गल्लीत फिरून मोबाइलवर नोंद करायला क्यूफील्ड. क्यूजीआयएसमधूनच पाण्याच्या जाळ्याचं गणित करायचं असेल, तर व्हॅलेन्सियाच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं क्यूजीआयएसरेड हे प्लगइन आहे. मोठा पसारा सांभाळायचा असेल, तर स्पेनमधूनच आलेलं जीआयएसवॉटर आहे. लहान नगरपरिषदेने जीआयएसवॉटरच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये, असं माझं मत आहे. ते चांगलं आहे, पण सांभाळायला माणूस लागतो.

खर्च माणसांवर होतो. दोन तरुण स्थापत्य पदविकाधारक, १६ जीबी रॅमचे दोन संगणक, दोन साधे अँड्रॉइड फोन, एक मोजपट्टी, एक प्रेशर गेज. गेज विसरू नका. त्याचं काम पुढे येतं.

आमच्याकडे नकाशाच नाही. सगळं व्हॉल्व्हमनच्या डोक्यात आहे. सुरुवात कुठून करू?

त्या डोक्यापासूनच.

कार्यालयातल्या कपाटात निळ्या कागदाची एखादी गुंडाळी निघते, तिला वाळवी लागलेली असते आणि त्यावरची अर्धी लाइन नंतर बदललेली असते. तिचा फोटो काढून ठेवा, पण भरवसा ठेवू नका. पाणी सोडणारे मामा असतात, त्यांच्यासोबत पाळीच्या दिवशी फिरा. मी ‘पाळीच्या दिवशी’ मुद्दाम म्हणतो. कार्यालयात बोलावून कागदावर रेघ मारायला सांगितलं, की मामा बुजतात आणि साहेबांना जे ऐकायचं असेल ते सांगतात. हातात चावी असली की पाय आपोआप बरोबर ठिकाणी जातात.

एका गावात असंच फिरत होतो. मामा एका पानटपरीपाशी थांबले आणि म्हणाले, ‘‘हितं टी हाये, टपरीखाली. खालच्या आळीची लाइन हितूनच फुटते.’’ मी विचारलं, कशावरून? त्यांनी चावीचं टोक डांबरावर टेकवलं आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. मलाही लावायला सांगितला. आत पाण्याची घरघर स्पष्ट येत होती आणि दोन पावलं पुढे ती थांबत होती. टपरीवाला हसत होता, त्याला हे रोजचंच. कार्यालयातल्या नकाशात ती लाइन पलीकडच्या रस्त्याने दाखवलेली होती.

अशा प्रत्येक जागेची नोंद करताना एक रकाना जरूर ठेवा: माहिती कुठून आली. डोळ्यांनी पाहिलं, खोदून पाहिलं, मामांनी सांगितलं की जुन्या कागदावरून घेतलं. सहा महिन्यांनी हाच रकाना सगळ्यांत उपयोगी पडतो, कारण जेसीबी लावण्याआधी कुठल्या रेघेवर विश्वास ठेवायचा, हे त्यावरूनच कळतं.

व्हॉल्व्हची नोंद करताना प्रकार लिहा: स्लूस (पाणी अडवणारा), एअर (हवा सोडणारा) की स्कॉवर (गाळ काढून टाकणारा). किती फेऱ्यांत पूर्ण उघडतो ते मोजून लिहा. चावी कोणत्या दिशेने फिरते तेही लिहा; एकाच गावात उलटसुलट व्हॉल्व्ह मी पाहिलेत. आणि पाळीच्या दिवशी मामा तो खरोखर किती फेरे उघडतात, ते वेगळ्या रकान्यात. पूर्ण उघडतात असं धरून चालू नका.

मोबाइलच्या जीपीएसवर भागतं का?

माळावर भागतं. जुन्या गावात नाही. मोकळ्या आकाशाखाली फोन तीन-पाच मीटरच्या आत जागा दाखवतो, पण उंच घरांच्या अरुंद गल्लीत दहा-बारा मीटर सरकणं नेहमीचं. म्हणजे व्हॉल्व्ह समोरच्याच्या स्वयंपाकघरात दिसणार. त्यावर साधा उपाय म्हणजे टेप. दोन पक्क्या कोपऱ्यांपासूनचं अंतर मोजा, तेच नोंदीत लिहा आणि चेंबरचा फोटो जोडा. उद्या डांबराचा थर चढला, तरी ‘मारुतीच्या पाराच्या कोपऱ्यापासून २.४ मीटर’ हे शोधता येतं. मुख्य वाहिन्या आणि टाक्यांसाठी रोव्हर (अचूक जीपीएस यंत्र) भाड्याने आणून सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स जाळ्यावर, म्हणजे कायम चालू असणाऱ्या संदर्भ केंद्रांवर, मोजणी करून घ्या. प्रत्येक घरच्या कनेक्शनला ती चैन नको.

परवानगी लागते का?

नकाशे करण्यावरची बरीच जुनी बंधनं १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी उठली. स्वतःच्या नळाच्या लाइनचा नकाशा करायला नगरपरिषदेला आधी कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

कोणतं प्रोजेक्शन ठेवू?

प्रोजेक्शन म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत. ठेवा यूटीएम ४३ उत्तर; सॉफ्टवेअरमध्ये तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. मराठवाडा जवळजवळ सगळा ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला आहे, तिथे हेच चालतं. किनवटवाल्यांनी मात्र जपून. किनवट ७८ च्या पूर्वेला आहे, म्हणजे ४४ उत्तर, ३२६४४. नांदेड जिल्ह्याची फाइल एका हातात आणि किनवटची दुसऱ्या हातात घेऊन डोकं धरून बसलेला माणूस मी पाहिलाय.

माहिती मराठीत भरली तर चालेल का?

चालेल, भरावीच. गल्लीचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं, की तीन माणसं तीन तऱ्हेने लिहितात आणि शोधताना एकही सापडत नाही.

मात्र नकाशा शेपफाइल या प्रकारात ठेवू नका. त्या जुन्या प्रकारात रकान्याच्या नावाला दहा बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. ‘व्यास’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण संगणकाला त्यात पाच चिन्हं दिसतात: व, हलन्त, य, काना, स. झाले पंधरा बाइट. नाव मध्येच तुटतं आणि पुढे कचरा दिसतो. जिओपॅकेज हा फाइलीचा प्रकार वापरा, तिथे ही कटकट नाही आणि सगळे थर एकाच फाइलीत राहतात.

दुसरी अडचण जुन्या फॉण्टची. नळधारकांची यादी बऱ्याच कार्यालयांत श्रीलिपीत किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली असते. पडद्यावर ती मराठी दिसते, पण आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. रफार हमखास जागा सोडतो.

ठेकेदाराने ऑटोकॅडची फाइल दिली आहे. ती तशीच घेता येईल का?

उघडता येते. पण बऱ्याचदा ती रेखाकृती पृथ्वीवर कुठेच नसते, शून्य-शून्यपाशी तरंगत असते. क्यूजीआयएसमधल्या जिओरेफरन्सर या सोयीने ती जागेवर आणता येते, चार-सहा पक्क्या खुणा मिळाल्या तर. त्याहून मोठी शंका अशी, की ही फाइल कामाच्या आधीची की नंतरची? अंदाजपत्रकातली लाइन आणि खड्ड्यातली लाइन यांच्यात खडक लागला की फरक पडतो. आपल्याकडे काळा पाषाण लागला की पाइप वळतो किंवा वर येतो, आणि ते कुणी लिहून ठेवत नाही. पुढच्या निविदेत एक ओळ घाला: चर बुजवण्याआधी मोजलेली लाइन, खोलीसकट, जिओपॅकेजमध्ये दिल्याशिवाय अंतिम देयक नाही. मी सांगून थकलो, पण जिथे ही ओळ घातली तिथे फाइल वेळेवर आली.

पडद्यावर लाइन जोडलेल्या दिसतात, पण ईपानेट म्हणतं की त्या तुटक आहेत. असं का?

मोठं करून बघा. दोन टोकांमध्ये तीन सेंटिमीटरची फट असते. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला मात्र दिसते. रेघ ओढण्याआधी स्नॅपिंग (टोकं आपोआप जुळवणारी सोय) चालू करा, आणि रोज संध्याकाळी टोपॉलॉजी चेकर (जोड तपासणारी सोय) चालवा, महिन्याच्या शेवटी नको. उलटी चूकही होते: रस्त्याच्या चौकात दोन लाइन एकमेकींवरून जातात आणि आपण उत्साहाने तिथे जोड देऊन टाकतो. एक खाली चार फुटांवर असते, दुसरी वर दोन फुटांवर, दोघींची ओळखसुद्धा नसते. मामांना विचारा.

दाब कुठे कमी पडतो, हे ईपानेट सांगेल का? आमच्याकडे आठवड्यातून एकदाच पाणी सुटतं.

इथे जरा थांबून बोलावं लागेल, कारण बहुतेक अहवाल इथेच फसतात.

ईपानेट असं धरून चालतं, की पाइप कायम भरलेले आहेत. पाठ्यपुस्तकातलं शहर सकाळी जास्त पाणी घेतं, दुपारी कमी. आपल्याकडे पाइप चार-सहा दिवस रिकामे असतात. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं नळातून फुस्स आवाज करत हवाच येते. मग गल्लीतले सगळे नळ एकदम उघडे, आणि हौद, ड्रम, टाकी, शेवटी बादल्या भरेपर्यंत कुणीही नळ बंद करत नाही. माणशी १३५ लिटर ही मागणी तिथे लागूच होत नाही. ज्याला दाब मिळतो तो ओढतो, उरलं ते पुढच्याला. टेलएंडच्या, म्हणजे लाइनच्या शेवटच्या घरातल्या बाईला हे गणित न शिकता माहीत असतं.

म्हणून मॉडेल करताना मागणी दाबावर अवलंबून ठेवा. २०२० साली आलेल्या २.२ आवृत्तीपासून ही सोय ईपानेटमध्येच आहे. किंवा दहा-वीस घरांचा गट एक छोटी टाकी समजून आखूड पाइपने जोडा; भरली की घेणं बंद. दोन्ही चालतात, मला दुसरी पद्धत जवळची वाटते, कारण ती अभियंत्यालाही समजावता येते आणि नगरसेवकालाही. पाइप भरण्याची पहिली वीस-तीस मिनिटं मात्र मॉडेलच्या बाहेरच राहतील, ते अहवालात स्पष्ट लिहा.

दुसरा घोळ उंचीचा. उपग्रहावरून घेतलेली ३० मीटर जाळीची मोफत उंची सहज चार-पाच मीटर चुकते. केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा पुस्तिकेप्रमाणे एकमजली घराच्या नळापाशी ७ मीटर दाब (म्हणजे पाणी सात मीटर उंच चढेल एवढा) हवा होता, दुमजलीला १२. ज्या गणितात सात मीटरसाठी झगडायचं, त्यात पाच मीटरची चूक घेऊन बसता येत नाही. टाकीचा तळ, मुख्य फाटे आणि प्रत्येक झोनचं सगळ्यांत उंच घर, एवढ्यांची उंची ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) काढा. दोन-तीन दिवसांचं काम आहे.

आणि आता गेज. मॉडेल कितीही देखणं असलं, तरी पाळीच्या दिवशी पाच-सहा नळांना गेज लावून पाहिल्याशिवाय कुणाला दाखवू नका. एका ठिकाणी आमचं मॉडेल एका वस्तीत ९ मीटर दाखवत होतं आणि नळाला काटा हलत नव्हता. दोन दिवस आम्ही पाइपचा खडबडीतपणा बदलत बसलो. त्याचा आकडा, ‘सी’ (जितका कमी तितका पाइप खडबडीत), १३० होता, १०० केला, ८० केला. शेवटी मामांनाच विचारलं, तर वरचा व्हॉल्व्ह २४ फेऱ्यांपैकी ९ फेरेच उघडलेला होता. कित्येक वर्षांपूर्वी खालच्या भागातून तक्रार आली म्हणून कुणीतरी आवळला होता आणि तसाच राहिला. नऊऐवजी पंधरा फेरे केले. त्या वस्तीला पाणी चढलं, खालच्यांची तक्रार पुन्हा आली, मग तेरावर तडजोड झाली. शहराचं पाणी असंच वाटलं जातं.

गळती नकाशावर कशी पकडायची?

नकाशा गळती पकडत नाही, पण ती कुठे परत परत होते ते सांगतो. दुरुस्तीची प्रत्येक नोंद एक ठिपका: तारीख, पाइपचा माल, व्यास, काय फुटलं, जोड की अंग. वर्षभरात शंभर-दीडशे ठिपके साठले, की ते रांगेने उभे राहतात.

आपल्या काळ्या मातीचा यात मोठा हात असतो. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्यातला पाइप वर-खाली होत जोड सोडतो. जुने सिमेंटचे आणि बिडाचे पाइप याला लवकर हार खातात. मृग लागल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फोन वाढतात, ते का, हे मातीचा थर खाली ठेवून ठिपके वर टाकले की एका नजरेत दिसतं. शहराच्या मुरमाड भागात तोच पाइप तितकाच जुना असून शांत असतो. बदलण्यासाठी पैसे थोडे असतील, तर कुठली लाइन आधी, हा वाद तिथे मिटतो. म्हणजे मिटायला हवा.

लहान छिद्राला कमी लेखू नका. ६ मिलिमीटरचं भोक, १० मीटर दाब: तासाला साडेआठशे लिटरच्या आसपास जातात. आणि पाणी बंद झालं, की तेच भोक बाहेरचं आत ओढतं. शेजारी गटार असेल तर काय आत येतं, ते पुढच्या आठवड्यात दवाखान्यांत कळतं. म्हणून गटारांचा थर नकाशात हवाच; गटार आणि नळ जिथे एकमेकांना ओलांडतात ती ठिकाणं वेगळ्या रंगात ठेवा.

बिनपरवाना नळ आणि मोटारी दाखवायच्या का?

नळ दाखवा. पाणी ओढायला नळाला लावलेल्या मोटारी दाखवून उपयोग नाही, त्या झाकणाच्या आवाजाने आत पळतात.

नकाशा लोकांसाठी खुला करावा का?

झोन, टाकी, पाळीचा दिवस आणि वेळ एवढं जरूर खुलं करा. कुठल्या गल्लीला किती मिनिटं पाणी मिळतं, हे रंगात दिसलं की काही जणांना अडचण होते. तेवढ्यासाठीच ते करायला हवं, असं मला वाटतं. व्हॉल्व्ह आणि मुख्य वाहिन्यांच्या नेमक्या जागा, नळधारकांची नावं आणि थकबाकी मात्र कार्यालयातच ठेवा.

संभाजीनगरच्या जुन्या नहरी यात घ्यायच्या का?

घ्या, वेगळ्या थरात. सतराव्या शतकात मलिक अंबरने केलेली नहर आणि पाणचक्कीला पाणी आणणारी खापरी नळांची वाट, ही केवळ उतारावर चालणारी जाळी होती. वाटेत उभे केलेले मनोरे हवा बाहेर टाकायला आणि दाब मोडायला होते. आपण आज एअर व्हॉल्व्ह बसवतो, तेच काम. खोदकाम करताना ती लाइन लागली आणि कुणाला कळलं नाही, तर जेसीबी एका मिनिटात ती तोडून जातो.

केलेला नकाशा दोन वर्षांनी जुना होतो. मग?

दोन वर्षं कशाला, दोन महिन्यांत होतो. मी पाहिलेले निम्मे नकाशे असेच मेले. सल्लागाराने रंगीत छपाई दिली, ती मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात भिंतीवर लागली आणि खाली गावात लाइन बदलत राहिल्या.

टिकलेल्या ठिकाणी एकच गोष्ट सारखी दिसली. दुरुस्तीचं सामान भांडारातून घेताना द्यावी लागणारी चिठ्ठी नकाशाशी बांधली होती. काम झालं, की फिटरने फोनवर ठिपका टाकून खड्ड्याचा फोटो जोडायचा; ठिपक्याचा नंबर चिठ्ठीवर नसेल तर पुढचा कॉलर आणि पुढची क्लॅम्प मिळत नाही. सुरुवातीला भांडणं झाली. आता भांडारपालच सगळ्यांत कडक आहेत.

आमचे मामा येत्या मार्चला निवृत्त होताहेत. काय आधी करू?

बाकी सगळं बाजूला ठेवा. सर्व्हर, प्लगइन, प्रशिक्षण नंतर. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये क्यूजीआयएसची मालिका आहे, ती कधीही पाहता येते. एक मुलगा, एक फोन, एक टेप त्यांच्यासोबत द्या, प्रत्येक झोनच्या किमान दोन पाळ्या. पहिल्या पाळीला फक्त मागे चालायचं आणि बोलणं रेकॉर्ड करायचं, त्यांना विचारून. दुसऱ्या पाळीला मोजायचं. मार्चपर्यंत थांबू नका, पाळी आठ दिवसांची असेल तर हातात फार फेऱ्या नाहीत. ते पहाटे साडेचारला टाकीवरून निघतात, चहा तिसऱ्या व्हॉल्व्हनंतर घेतात. चहाचे पैसे मुलाला द्यायला सांगा.